त्या बाईची शुगर

५ मार्च

अहो,

तुम्ही फोन उचलत नाही, आणि दोनदा वाजवून तिसऱ्यांदा वाजवणाऱ्यांतली मी नाही. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, दादाला पत्र लिहा. बोलता बोलता तो तावातावाने उठून जातो. कागदासमोरून उठून जाऊन जाऊन कुठे जाईल?" म्हणून लिहितेय.

परत या म्हणायला लिहीत नाहीये. तुमच्या बहिणीचं घर आहे, तिची फळझाडं आहेत, आणि रोपवाटिकेतून रिटायर झाल्यापासून तुमचे हात शिवशिवत होतेच. राहा हवं तितकं. कामाचं तेवढं सांगते.

वाचायचा चष्मा न्हाणीघराच्या खिडकीत विसरला होतात, तो सोबत पाठवलाय. स्वेटरही पाठवलाय, तिकडे वर डोंगरात अजून गारठा असेल. स्वयंपाकघरातला नळ मी स्वतः दुरुस्त केला. आता तो आधीपेक्षा जास्त गळतो.

वन्संना तुम्ही काय सांगितलंत ते माझ्या कानावर आलंय. मी तुम्हाला लेकीसमोर अडाणी म्हटलं, हे खरं. पण त्याआधी तुम्ही काय म्हणालात तेही सांगायचं होतंत. "हिचं पोटच गोळ्यांवर चालतं, ही दुसरं काय सांगणार?" दवाखान्याच्या औषधांच्या काउंटरवर माझी सगळी नोकरी गेली. गोळ्या देऊन देऊन मी काही माड्या बांधल्या नाहीत. माझे गुडघे तेवढे गेले.

आणि मुद्दा तो नव्हताच. अकरा वर्षं डायबेटिस असलेला माणूस हिवाळाभर गोळ्या न घेता त्या कुंडीत पुरतो, वर पाल्याचा काढा पितो आणि बायकोने विचारलं की "घेतली" म्हणतो. मुद्दा हा होता. काढ्याचं मला एवढं वाटलं नाही, "घेतली"चं वाटलं.

ज्या कुंडीत पुरल्यात त्यातला गुलाब मेला. गोळ्यांनी मेला की मी पाणी घालायला विसरले म्हणून, देव जाणे.

मी ठीक आहे. जरा दमायला होतं, ते वयाने.

वन्संना पाठदुखीचं मलम विचारा, संपलं असेल तर पाठवते.


२२ मार्च

अहो,

पत्र पोचलं. सात ओळी, त्यातल्या पाच परसातल्या तुतीवर. छाटणी आत्ता नको, फळ येऊन गेल्यावर. कळलं. सहाव्या ओळीत लेकीची चौकशी आणि सातवीत सही. माझ्या वाट्याला काय आलं ते शोधतेय.

असो. एक कामाचं विचारायचंय. आमच्या काउंटरवर एक बाई येते. साठीला टेकलेली, नोकरी करणारी, जिभेने जरा फटकळ. तिला नुकतीच शुगर निघाली. शुगरच्या डॉक्टरीणबाईंनी दोन तऱ्हेच्या गोळ्या दिल्यात आणि ती त्या घेतेही आहे, कुंडीत पुरत नाही. पण घरी एकटी बसली की तिच्या मनात येतं, नुसत्या गोळ्या गिळायच्या आणि हातावर हात ठेवून बसायचं का? ताटात काही बदललं तर उपयोग होईल का? तर तुमच्या त्या काढ्यात नेमकं काय असायचं? किती, आणि जेवणाआधी की नंतर? तेव्हा मी विचारलं नव्हतं. ओरडण्यात वेळ गेला.

तिच्यासाठी म्हणून मी थोडं वाचायलाही घेतलं. तुमच्या तोंडून ऐकलेली सगळी मंडळी त्यात भेटली. दालचिनी, मेथीदाणे, कांदा, हिरवा चहा, गडद रंगाची फळं. झाडं स्वतःच्या बचावासाठी, रंगासाठी, कडूपणासाठी जी द्रव्यं बनवतात, त्यांतली काही आपल्या साखरेवर काम करतात असं दिसतं. परीक्षानळीत तर सगळीच करतात. उंदरांमध्ये बरीचशी करतात. माणसांपर्यंत आली की लाजतात. थोड्याच लोकांवर केलेले प्रयोग, तेही दोन-तीन महिन्यांचे. साखर उतरते, पण थोडी. काहींची उतरतही नाही.

तुतीच्या पानाचं मात्र तुमचं म्हणणं बरंचसं खरं निघालं. पिठाची, भाताची साखर करणारं जे एन्झाइम आतड्यात असतं, त्याला ते पान अडवतं. त्यामुळे जेवणानंतर साखर एकदम उसळत नाही. हे मी मान्य करते. लेखी मान्य करते. वन्संना मोठ्याने वाचून दाखवा.

पण गोळीऐवजी नव्हे! कुठल्याही शहाण्या माणसाने तसं लिहिलेलं मला सापडलं नाही.

आणखी एक. ज्या गोळीला तुम्ही कारखान्यातलं विष म्हणता, तिचं कूळ शोधत मागे गेलं तर एका रानझुडपापाशी जाऊन पोचतं. शेंगांच्या कुळातलं, निळसर फुलांचं. त्याने साखर उतरायची, पण ते मूळचं द्रव्य फार जहाल होतं. म्हणून त्याच्याच वळणाचं, पण सौम्य असं, रसायनवाल्यांनी बनवलं. म्हणजे आपण दोन चुलतभावांपायी घर डोक्यावर घेतलं.

त्या बाईसाठी विचारतेय, तेव्हा उत्तर सविस्तर द्या.


११ एप्रिल

अहो,

बारा पानं! लग्न ठरल्यावरही तुम्ही मला एवढं लिहिलं नव्हतंत. पुडकंही मिळालं. तुतीची पानं सावलीत वाळवलेली दिसताहेत, रंग छान राहिलाय.

त्या बाईला सगळं समजावून सांगितलं. तिने सुरुवात केलीय. सकाळी पावाऐवजी जवाची पेज खाते आणि ती भिजवलेल्या पुठ्ठ्यासारखी लागते असं म्हणते. तुम्ही कांदा वरून घालायला सांगितला होतात, त्याने पुठ्ठ्याला कांद्याची चव येते एवढंच. दोन्ही जेवणांत शेंगा नाहीतर डाळ, आणि पालेभाजी भाताच्या दुप्पट. ड्रॉवरमधली क्रीमची बिस्किटं तिने काउंटरवरच्या नव्या मुलीला देऊन टाकली. संध्याकाळी चालायला जाते. पहिल्या दिवशी चौकापर्यंत जाऊन रिक्षाने परत आली.

तुम्ही विचारलंत, काढ्याचं डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलंय का म्हणून. घालेल. त्या फार कामात असतात, दर वेळी दारात रांग असते. आणि एवढ्याशा पाल्याचं काय विचारायचं, असंही तिला वाटतं. (हे वाचून तुम्ही हसाल. हसा.)

तिची उपाशीपोटीची साखर थोडी उतरलीय. ती खूश आहे. मी तिला म्हटलं, दोन आठवड्यांत हुरळून जाऊ नकोस.

लेक परवा येऊन गेली. दोन खोल्यांत फिरली, तुमची कपड्यांची खुंटी रिकामी बघून म्हणाली, "आई, तुम्ही दोघं लहान आहात का गं?" मी म्हटलं, "मी नाही."

तुमच्या स्वतःच्या साखरेबद्दल बारा पानांत अवाक्षर नाही. मीही विचारत नाही.


२३ एप्रिल

अहो,

हे पत्र कुरियरने पाठवतेय, आणि वन्संशी फोनवर बोलूनच लिहायला बसलेय. हे हातात पडेपर्यंत तुम्ही दवाखान्यात नसाल, तर पुढचं वाचूच नका. आधी उठा.

तुमचं पत्र काउंटरवर उभ्याउभ्या वाचलं आणि स्टूल ओढून खाली बसले. "इथे शेजारी एक गृहस्थ आहेत, त्यांच्या पायाच्या करंगळीला छाटणीची कात्री लागली. जखम बरेच दिवस भरत नाही. पण दुखत मुळीच नाही, म्हणून काळजीचं नसावं. पाल्याचा लेप लावतात. आता कड काळपट दिसते. काय करावं?"

वन्संना शेजार नाही. पहिलं घर ओढ्यापलीकडे आहे, आणि तिथे एक म्हातारी एकटी राहते. तुम्हाला थाप मारायचीच होती तर निदान घर तरी बघून मारायची.

दुखत नाही हीच वाईट खूण आहे. पायाच्या नसा बधिर झाल्या की कात्री काय आणि पीस काय, सारखंच. लेप धुऊन टाका, पाय जमिनीला टेकवू नका. वन्सं गाडी सांगताहेत. मला म्हणाल्या, "वहिनी, हल्ली तो झोपतानाही पायमोजे काढत नाही. मला वाटलं, थंडी वाजते." गोळ्याही तुम्ही तिकडे जाऊन पुन्हा सुरू केलेल्या नाहीत, हेही त्यांच्याकडून कळलं. मी काही बोलणार नाही. जे बोलायचं ते मार्चमध्येच बोलून झालंय.

आता माझं. ती बाई मी आहे.

तुम्ही ओळखलंच होतंत. पुडक्यावर मोठ्या अक्षरांत "त्या बाईसाठी" असं लिहून खाली "तुला पातळ आवडतं, पाणी जास्त घाल" असं कोण लिहितं? मी ते वाचलं आणि दोघांनीही गप्प राहायचं ठरलंय असं समजले.

सोमवारी काउंटरवर मला दरदरून घाम सुटला. समोरचा माणूस खोकल्याचं औषध मागत होता आणि मला ते कुठल्या फळीवर असतं ते आठवेना. हात थरथरायला लागले. सकाळी काढा घेतला होता, दोन्ही गोळ्या घेतल्या होत्या, आणि गर्दीमुळे पेज तशीच राहिली होती. नव्या मुलीने घाबरून तीच क्रीमची बिस्किटं पुढे केली. दोन खाल्ली तरी काही फरक पडेना. मग मीच कशीबशी ग्लुकोजच्या पावडरीकडे बोट दाखवलं. ती पाण्यातून घेतल्यावर जरा वेळाने डोळ्यांपुढचं धुकं गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुतीच्या पानाने बिस्किटाची साखरही अडवून धरली असेल. ग्लुकोज तयार साखर, ती अडत नाही. तुमच्या पाल्यात दम आहे म्हणायचा. फक्त तो कधी दम दाखवील ते त्याला न विचारता मी घेत बसले.

त्या रागावल्या. "आजी, तुम्ही औषधांच्या काउंटरवर काम करता ना? दुसरी गोळी साखर खाली ढकलते, वरून हा काढा, आणि पोट रिकामं! मला सांगायला काय झालं होतं?" आजी म्हणाल्या मला. जे मी रोज काउंटरवर लोकांना ऐकवते, तेच त्या मला ऐकवत होत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

तुम्हाला का सांगितलं नाही, ते विचाराल. अकरा वर्षं तुमच्या ताटातला प्रत्येक घास मोजत आले आणि शेवटी माझ्याही रक्तात साखर निघाली. कुंडीतल्या गोळ्या मला सापडल्या, त्याच दिवशी सकाळी मला माझं कळलं होतं. तुम्हाला सांगावं म्हणून मी लवकर घरी आले होते. तुम्ही दिसला नाहीत म्हणून परसात बघायला गेले.

उद्याच्या पहिल्या बसने निघतेय.


२७ एप्रिल
दवाखान्याचा कॉरिडॉर

अहो,

तुम्हाला आत नेलंय. वन्सं चहा आणायला गेल्यात. मला नुसतं बसवत नाही, म्हणून लिहितेय. शुद्धीवर आल्यावर वाचा, नाहीतर ठेवून द्या.

सर्जनशी बोलले. तरुण आहे, पण नीट बोलतो. म्हणाला, करंगळी जाणार, तिच्या शेजारचं बोट आत उघडून बघितल्यावर ठरेल. मी विचारलं, "हे आणखी आठवडाभर आले नसते तर?" तो म्हणाला, "तर आपण बोटांबद्दल बोलत नसतो." सही करताना पेन चाललं नाही, मग त्याने त्याचं दिलं.

आत जाताना तुम्ही मला म्हणालात, "तू म्हण एकदाचं, सांगितलं होतं म्हणून." मी म्हटलं नाही. मला म्हणायचं नव्हतं असं नाही. दाताखाली धरून ठेवलं होतं. पण तुम्ही त्या पातळ चादरीखाली एवढेसे दिसत होतात, आणि तुमची नखं मातीने काळी होती. नर्स दोनदा घासून गेली तरी निघाली नाहीत. मी तिला म्हटलं, "राहू दे बाई, ती जन्माची आहेत."

वन्संनी आत्ता मला एक गोष्ट सांगितली. तुमचे वडील शुगरनेच गेले हे मला माहीत होतं. पण त्यांना शेवटी दिसत नव्हतं आणि तरी ते बशीभर रंगीत गोळ्या रोज हाताने चाचपून घ्यायचे, हे माहीत नव्हतं. "दादा त्यांना गोळ्या काढून द्यायचा," वन्सं म्हणाल्या. "तेव्हापासून त्याला गोळ्यांची चीड. त्याला वाटतं, गोळ्यांनीच नेलं त्यांना." इतक्या वर्षांत तुम्ही मला हे सांगितलं नाहीत. मीही कधी विचारलं नाही, गोळी हातात घेतली की तुम्ही तोंड का फिरवता ते. मला वाटायचं, नखरे.

गोळ्यांनी नाही नेलं त्यांना. तेव्हा त्या उशिरा मिळाल्या आणि पुरल्या नाहीत. पण हे मी तुम्हाला ओरडून सांगणार नाही. कधी विचाराल तेव्हा सांगेन.

वन्संनी आणलेल्या चहात साखर आहे. माझ्या शुगरचं त्यांना अजून ठाऊक नाही. त्या माझ्याकडे बघताहेत म्हणून दोन घोट घेतले.

दार उघडलं. थांबा.

एकच गेलं. करंगळीच फक्त. शेजारचं वाचलं.


२६ जून

अहो,

मी येऊन कामावर रुजू झाले त्याला आता बरेच दिवस झाले आणि तुम्ही तिकडेच आहात. जखम भरेपर्यंत प्रवास नको असं सर्जन म्हणाला होता, तोवर ठीक होतं. पण वन्संचा फोन आला. जखम कधीच भरली, तुम्ही काठी टाकून फिरता, आणि जिथे तिथे ओट्याला टेकून उभे राहता. म्हणाल्या, "गोळी रोज माझ्यासमोर घेतो, वर जीभ बाहेर काढून दाखवतो, शाळेतल्यासारखा. वहिनी, याला घेऊन जा आता, माझ्या मोलकरणीला तो झाडांची शास्त्रीय नावं शिकवतोय."

तुम्ही पत्रात लिहिलंत, "यावं की नाही ते तुझ्यावर आहे." हे बरं आहे. गेलात तुमच्या मनाने आणि यायचं माझ्या मनाने.

काल तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा आला. माझा बराच उतरलाय. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. पेज, डाळ, चालणं आणि गोळ्या, सगळं सांगितलं. तुतीचं पानही आता त्यांच्या हिशेबाने चालू आहे. जेवणासोबत थोडंसं, आणि त्यांनी दुसरी गोळी अर्धी केलीय. मी विचारलं, "मग नेमकं कशाने उतरलं?" त्या म्हणाल्या, "तुम्ही एकदम सगळंच बदललंत. आता ते तुम्हालाही सांगता यायचं नाही आणि मलाही. झाडात गुण आहे, पण किती आणि कुणाला, हे अजून नक्की कुणाला ठाऊक नाही. आकडा उतरलाय, तो टिकवा." मला हे उत्तर आवडलं. माहीत नाही असं म्हणणारा डॉक्टर विरळा.

तुमच्याबद्दलही विचारलं. पानं तुम्हाला हवीत तर मिळतील, पण पाय पूर्ण बरा झाल्यावर, गोळी न सोडता, आणि दर महिन्याला त्यांना दाखवून. "त्यांना म्हणावं, झाडांबद्दल मला शिकवायला या, साखरेबद्दल मी बघते." माणूस तुमच्या पसंतीचा आहे.

मग त्यांनी नवा केसपेपर केला. वय, वजन, घरात आणखी कुणाला शुगर, सगळं विचारत गेल्या आणि लिहीत गेल्या. शेवटी मान वर न करता म्हणाल्या, "घरी कोण कोण असतं?"

माझ्या तोंडून आपसूक गेलं, "आम्ही दोघं."

त्यांनी तसं लिहूनही टाकलं. आता मी काही तिथे जाऊन खोडणार नाही. तुम्हीच येऊन ते खरं करा.